सवतीचा घास

बाळाबाई जेवायला बसली की पहिला घास तिचा नसायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा, गळ्यातल्या चांदीच्या टाकाला टेकवायचा आणि "घे बाई" म्हणून ताटाच्या कडेला ठेवायचा. मग आपलं जेवण. उठताना तो तुकडा दारातल्या कुत्रीला. बाकीच्या भाकरीवर तुटून पडणारी ती कुत्री हा तुकडा मात्र इकडंतिकडं बघत, ओठ मागं ओढून खायची.

टाक अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर ठोकून उठवलेली बाई. दोन टिंबांचे डोळे, खाली सोडलेले हात, तोंडाच्या जागी नुसती चीर. ही चिमाजीची पहिली बायको, रतनबाई. बाळंतपणात अडली आणि पोटातल्या पोरासकट गेली. अशी गेलेली सवाशीण जाखीण होते, तिची वासना घरातच घुटमळते, हे गुंजवण्याच्या खोऱ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून दुसरेपणाची बायको आली की पहिलीचा टाक करून तिच्या गळ्यात बांधायचा. बाळाबाई वेल्ह्याकडची. लग्नाची हळद अंगावर असतानाच सासूनं, अक्काबाईनं, काळ्या दोऱ्यात ओवून टाक बांधला होता आणि कानाशी सांगितलं होतं, "हिच्या आदी खायाचं न्हाई, हिच्या आदी ल्यायचं न्हाई. नवं लुगडं आलं तर पयलं हिला दावायचं. थोरली हाय ती तुजी."

बाळाबाईला तेव्हा काही वाटलं नाही. थोरली जाऊ असती तर तिचंही ऐकावंच लागलं असतं. ही निदान बोलत तरी नव्हती.

मग पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं. दुसरंही सातव्यातच. कोंडिबा देवऋषी तांदूळ मांडून बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "रतन उपाशीपोटी गेली. एका घासानं तिचं भागंना. घासामागनं पोर वडती." तेव्हापासून सकाळी एक, दुपारी एक, सांजच्याला एक असं वाढत वाढत रतनबाईचं वेगळं ताटच पडायला लागलं. बाळाबाई वाळत चालली. मनगटातल्या बांगड्या हात वर केला की कोपराला भिडायच्या. ओढ्यावर धुणं धुताना बाया आडूनआडून बोलायच्या, "एका अंगावर दोघी जेवत्यात. लागंल कुनाच्या?"

साल चौऱ्याहत्तर. वैशाख लागला तेव्हा तिला पुन्हा दिवस गेलेले होते, चौथा सरत होता. या खेपेला पोर राहतंय का जातंय, घरात दुसरा विचारच नव्हता. अक्काबाई तिच्या पोटाकडं बघायची आणि मग टाकाकडं बघायची. बस.

अशातच वरनं ती पेटी उतरली.

बाळाबाई वाडीच्या वरच्या वरकस रानात होती. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणून शेणी आणि पालापाचोळा पसरत होती. भर दुपार. राजगडाच्या अंगानं काहीतरी पांढरं वाहत आलं. ढग म्हणावा तर ढगाला खाली लोंबणारं काही नसतं. ते फाटलं, त्याच्या चिंध्या लांब वाऱ्यावर गेल्या, आणि एक भगवट छत्री हलत डुलत खाली आली. छत्रीखाली पेटी. ती दोन बांध पलीकडं टेकली तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. रानातली पाखरं तेवढी गप झाली.

बाळाबाई जाऊ नये तिथं गेली. चौकट कसल्याशा पांढऱ्या धातूची, आत डबा, डब्याभोवती पांढरा हलका फेसासारखा ठोकळा. हात लावला तर वैशाखाच्या उन्हात पेटी थंडगार, बोटं चिकटावीत इतकी. आणि आत काहीतरी टकटक वाजत होतं. संथ. एका मापात. तिनं हात काढला तर तिला वाटलं, ते आपल्या टाकाखालीच वाजतंय.

संध्याकाळपर्यंत सगळी वाडी बांधावर. जवळ कुणी जाईना.

"बाँब असंल," कोंडिबा म्हणाला. "पाकिस्तानचा."

"पाकिस्तानला दुसरं काम न्हाई व्हय रं? कोंडिबाचा राब उडवाया आलं!" चिमाजी म्हणाला.

"मग वाजतंय काय त्यात? तुजा सासरा?"

पोलीस पाटील धीर करून पुढं गेला. पेटीवर मराठीतही लिहिलेलं होतं, की उघडू नये, धोका नाही, सरकारी अधिकाऱ्याला कळवावं. पाटलानं माणूस वेल्ह्याला धाडला. तोवर बायांनी रानात सापडलेल्या त्या कागदासारख्या पातळ चिंध्यांची पावसाळ्यासाठी इरली करायचं ठरवूनही टाकलं.

चारेक दिवसांनी जीप आली. जीप वाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून साहेब आणि त्याचे दोन सोबती नसरापूरच्या रस्त्याला ती लावून चालत आले. ओगले साहेब मुंबईच्या संस्थेतला. तरणा, उन्हानं सोललेला, टाचांना फोड. पेटी शाबूत बघून त्यानं तिला म्हशीला थोपटावं तसं थोपटलं. वाजणं एव्हाना थांबलं होतं. पेटी सुटी करून डोक्यावरनं न्यायला दोन दिवस लागणार होते आणि सगळ्यात जवळचं घर चिमाजीचं. म्हणून साहेब पडवीत उतरला. तांदळाची भाकरी आणि वरण मिटक्या मारत खायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माणसं जमली. बाळाबाई उंबऱ्याआत चुलीशी, कान बाहेर.

"सायेब, आत हाय काय? माकड?" चिमाजीनं विचारलं.

"माकड नाही हो. डोळा आहे." ओगले हसला. "तुम्ही हाडाचा फोटो पाहिलाय का कधी?"

चिमाजीनं पाहिलेला होता. बैलानं मांडी मोडली तेव्हा पुण्याला मोठ्या दवाखान्यात त्याचा काढला होता. काळ्या काचेवर आपलं पांढरं हाड बघून तो त्या रात्री जेवला नव्हता.

"तो फोटो ज्या उजेडानं काढतात ना, तसला उजेड वरनं येतो. काही ताऱ्यांपासनं. आपल्या डोळ्याला दिसत नाही आणि हवा त्याला खाली येऊ देत नाही. म्हणून हैदराबादेकडनं फुग्याला बांधून हा डोळा हवेच्या वर पाठवला. वारा लागला आणि आला तुमच्याकडं पाहुणा."

"तारं आसा हाडाचा उजेड कशापायी पाडत्यात?" कोंडिबानं विचारलं. हा प्रांत त्याला आपला वाटत होता.

ओगलेनं दोन वाट्या घेतल्या, एक मोठी, एक अगदी बारकी. पडवीच्या सारवणावर एकमेकींभोवती फिरवत म्हणाला, "काही तारे जोडीनं असतात. फुगडी घातल्यासारखे फिरतात. त्यातला एक आधी मरतो. म्हणजे जळून संपतो आणि आकसून एवढासा होतो. दिसतसुद्धा नाही. पण त्याची ओढ जात नाही. जिवंत असतो त्याला त्याच्यापासनं सुटता येत नाही. मग तो मेलेला या जिवंताच्या अंगावरनं ओढून ओढून खातो. खाताना तो घास असा तापतो की त्यातनं हा उजेड बाहेर पडतो."

अक्काबाईनं पदर तोंडाला लावला. आत तव्यावरची भाकरी करपली आणि वास बाहेर आला.

"आशा जोड्या लई हायती?" चिमाजीनं विचारलं.

"तेच तर शोधतोय. हा उजेड पाडणारे ठिपके शंभरावर सापडलेत. त्यात जोड्या किती, त्या सगळ्या आकाशगंगेत कुठं कुठं वसल्यात, हे बघायचंय. आम्हाला असं वाटतंय, अजून पक्कं नाही, की जिवंत तारा जिथं तरणा आणि दांडगा, त्या जोड्या आकाशगंगेच्या पट्ट्यात, नवे तारे जन्मतात तिथं. जिथं जिवंत तारा म्हातारा, बारका, त्या जोड्यांची दाटी मधल्या गाठोड्यात."

"मंजी गावठाणात म्हातारी आन नव्या वस्तीत तरणी."

"अगदी तसंच."

"आन मेलेलं दोनीकडं," कोंडिबा म्हणाला.

दोघंतिघं हसले, पण ते हसणं लगेच विझलं. बाळाबाई हातात उलथनं घेऊन उंबऱ्यावर आली. सुनेनं पडवीतल्या गड्यांशी बोलायची रीत नव्हती. तिला त्याचं भान नव्हतं.

"सायेब, घास न्हाई मिळाला तर मेलेली काय करती?"

"मेलेली" हे ओगलेच्या ध्यानात आलं नाही. अक्काबाईच्या आलं.

"मग विझते. उजेड बंद. जणू नाहीच तिथं."

बाळाबाईला एवढंच पाहिजे होतं. ती मागं फिरली. साहेब पुढं बोलतच होता. ते शब्दही तिच्या कानावर पडले, पण तेव्हा ती दुसऱ्याच हिशेबात होती.

पेटी गेली. दुपारी बाळाबाई जेवायला बसली. तुकडा मोडला, कालवणात बुडवला, टाकाला टेकवला, "घे बाई" म्हणाली आणि सासूची पाठ वळल्याबरोबर आपल्याच तोंडात टाकला. चावताना दातांत खडा आल्यासारखं झालं. खडा नव्हता. तिनं गिळला.

त्या दिवसापासून रतनबाईला घास नाही. वेगळं ताट पडायचं ते अक्काबाई वाढायची, बाळाबाई म्हशीला घालते म्हणून गोठ्याकडं न्यायची आणि म्हशीच्या आडोशाला उभ्या उभ्या संपवायची. कुत्री दारात वाट बघून बघून यायची बंद झाली.

पहिल्या पंधरवड्यात काही झालं नाही. मग बारीकसारीक सुरू झालं. चुलीचा जाळ तिच्याकडं वाकायचा. वारा नसताना. ती जागा बदलून पलीकडं बसली तर जाळ पलीकडं. पाट मांडला की समोरचं सारवण तिला ओलसर दिसायचं, कुणीतरी आत्ता उठून गेल्यासारखं. पाण्याच्या हंड्यात वाकली तर तोंड दिसायच्या आधी पाणी क्षणभर काळं असायचं. रोप उपटताना खाचरात सगळ्या बाया ओळीनं वाकलेल्या, आणि तिच्या शेजारची जागा कुणी न सांगता रिकामी सोडलेली. अंबूबाई सुईण ओळीत होती. बाळाबाईनं तिला विचारलं, "हितं कोन न्हाई, मंग सरकत का न्हाईस?" तर अंबूबाई गोंधळली. म्हणाली, "मला वाटलं हाय की कोनतरी."

पण अंग धरलं. गालांवर मांस आलं, बांगड्या मनगटात बसल्या. सातवा लागला. तिनं तो महिना दात आवळून काढला. रोज सकाळी उठली की आधी पोटावर हात. आत लाथ बसली की मग चूळ. सातवा सरला.

टाक मात्र काळा पडत चालला. आधी घास लावून लावून, पुसून पुसून तो लखलखीत असायचा. आता आधी डोळे गेले, मग हात, मग सगळी बाई. गळ्यात नुसता काळा डाग राहिला. बाळाबाई तो चोळीत ढकलून ठेवायची. तिथं तो गार लागायचा, ऐन घामाच्या दिवसातही.

पितरांचा पंधरवडा अर्ध्यावर आला तेव्हा अक्काबाईनं सुनेचं डोकं विंचरताना दोरा ओढला आणि टाक बाहेर आला. म्हातारीच्या हातातली फणी पडली.

"किती दिस उपाशी ठिवलंयस तिला?"

बाळाबाईनं टाक पुन्हा चोळीत ढकलला.

"आगं बोल की सटवे!"

"सायेब बोलला न्हवं. घास न्हाई मिळाला की इझती."

"त्यो चांदन्यांचं बोलत हुता! चांदन्यांला पोटाला पोरं हुत्यात व्हय गं?" अक्काबाईनं टाक पुन्हा बाहेर ओढला. "आन बोलला तर म्होरलं का न्हाई आयकलंस? म्या आयकलं. बोलला, जात न्हाई कुटं ती. तितंच फिरत ऱ्हाती, वाट बगत. मंग कवा वर्सानं घास पडला की एकदम भडकती. पाच-सा वर्सांमागं आशी एक भडकली, आख्ख्या आबाळात तिच्याएवढा उजेड कुनाचा न्हवता. आसं बोलला त्यो."

बाळाबाईलाही आता ते आठवलं. शब्द कानात पडून राहिले होते, ते आत्ता उठून बसले. विझलीय, गेलेली नाही. मग घास द्यायचा की नाही? दिला तर भडकणार. नाही दिला तर ही अशीच समोर बसून राहणार.

"न्हाई घालायचं आता," ती म्हणाली. "कंदीच न्हाई."

"आन परवा अविधवा नवमी हाय, ती?"

अविधवा नवमीला नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान वाढायचं असतं. वाडीत त्या दिवशी रतनबाईचं पान चुकलं असं कधी झालं नव्हतं. बाळाबाईनं चिमाजीचे पाय धरले, यंदा नको म्हणाली. चिमाजी बाईलवेडा नव्हता आणि दुष्टही नव्हता. तो नुसता घाबरट होता. म्हणाला, "आय म्हनती तसं करू. रीत मोडली आन काय झालं, तर त्वांड दावाया जागा ऱ्हायची न्हाई."

नवमीला अक्काबाईनं चार महिन्यांचं राहिलेलं एकाच पानात वाढलं. भाताचा ढीग, वरण, वडे, खीर, घारग्या, अळूची भाजी. हिरवं लुगडं घडी करून शेजारी. अंगणात पाणी शिंपून पान मांडलं आणि सगळे पडवीत कावळ्याची वाट बघत बसले. कोंडिबा, अंबूबाई, शेजारचे दोघंतिघं.

कावळे आले. आंब्यावर बसले. ओळीनं बसले, पण खाली कुणी उतरेना. कावकाव नाही, फडफड नाही. मान वाकडी करून सगळे एकाच जागी बघत होते. पानाकडं नव्हे. पानासमोरच्या मोकळ्या जागेकडं.

ऊन डोक्यावर आलं. खिरीवर साय धरली. कोंडिबा दोनदा "ये गं बाई, ये" म्हणाला आणि दुसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. भाताच्या ढिगातनं वाफ निघत होती. वाढून इतका वेळ झाला तरी निघत होती, आणि ती सरळ वर न जाता पलीकडं वाकत होती.

बाळाबाईला दिसलं ते एवढंच, की आत्ता ही खाणार. तिच्या पोटातलं हललं आणि एकदम थांबलं. तिनं हात लावून पाहिला. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

ती उठली. पोट सावरत अंगणात उतरली, मोकळ्या जागेत फतकल मारून बसली आणि पान पुढं ओढलं. पहिला घास टाकाला टेकवला नाही. सरळ तोंडात. मग दुसरा. दोन्ही हातांनी भात ओढून खाल्ला, खीर पानावरनं सुर्रकन ओढली, वडे अख्खे कोंबले. हनुवटीवरनं वरण गळत होतं. कुणी तिला धरायला पुढं झालं नाही. तिच्या खाण्याचा आवाज तेवढा अंगणात होता, आणि तो, अंबूबाई पुढं शपथेवर सांगायची, एका तोंडाचा नव्हता.

पान चाटूनपुसून साफ झालं तेव्हा कावळे उडून गेले.

"आगं, काय केलंस हे?" अक्काबाई पायरीवर बसूनच म्हणाली. "तिचं पान, तिची जागा. खाताना तू हुतीस का ती हुती?"

"मला काय ठावं?" बाळाबाई म्हणाली. मग तिनं जमिनीला हात टेकला, कारण कंबरेतनं पहिली कळ आली होती.

अंबूबाईनं तिला आत घेतलं. गाठी सोडल्या, केस मोकळे केले आणि गळ्यातला दोरा विळ्यानं कापून टाक कोनाड्यात ठेवला. बाळंतिणीच्या अंगावर बांधलेलं काही ठेवायचं नसतं. अक्काबाई दाराशी टेकून टाक बघत बसली. चिमाजी गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगावरनं हात फिरवत उभा राहिला. दिवेलागणीच्या आधी पोर बाहेर आलं. मुलगी. आधी रडली नाही. डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत राहिली. अंबूबाईनं पायाला धरून थापटली, तेव्हा असं भोकाड पसरलं की गोठ्यात चिमाजी दचकला.

पोर जगणार होतं, ते त्या आवाजावरनंच कळलं. अक्काबाई आत आली. दिवा जवळ धरून नातीचं तोंड बघितलं.

"रतनचंच कपाळ. बग, हनुवटी बग. ती हाय ही, बाळा. तिनंच खाल्लं, आन तीच आली."

बाळाबाईनं पोर ओढून छातीशी लावलं. पोर लागलं तशी तिला आतनं हिसका बसला. पिणं नव्हतंच ते, ओढणं होतं. पोर थांबेना, दमेना, डोळे मिटेना. बाळाबाईच्या हातापायांतलं बळ धाग्यासारखं निघून चाललं होतं. तिनं कितीतरी वेळ त्या उघड्या डोळ्यांत बघितलं. तिथं तिला कुणी ओळखीचं दिसलं का, हे तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

अक्काबाईनं कोनाड्यातला टाक आणला. नवा दोरा ओवला होता. "मान कर म्होरं. बांधते."

"ऱ्हाऊ दे तितंच," बाळाबाई म्हणाली. "आता गळ्यात कशाला? मांडीवर हाय न्हवं."

पोर पीत होतं. चुलीवर तवा तापला होता.

"आत्याबाई, भाकरी आना," ती सासूला म्हणाली. "एक नगं. दोन आना."